जुना एसी आणि बंद होत चाललेला गॅस: मोडीत काढण्याआधी काय काय करून पाहावं

जुन्या एसीचं कूलिंग कमी झालं की ठरलेला प्रसंग घडतो. मेकॅनिक येतो, आउटडोअरला गेज लावतो, काट्याकडे बघून मान हलवतो. "गॅस संपलाय. हा गॅस आता बंद झालाय. नवीनच घ्या." यातलं पहिलं वाक्य चूक आहे, दुसरं अर्धंच खरं आहे, आणि तिसरं कधीकधी बरोबर निघतं. कधी, ते ओळखता यावं म्हणून हा लेख. एसीमधलं काहीही कळत नाही असं समजून वाचलंत तरी चालेल.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण पैसे तिथेच जातात. एसीतला गॅस हे इंधन नाही. गाडीतलं पेट्रोल जळतं आणि संपतं, तसा हा जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस फिरत राहतो. घरातल्या कॉइलमध्ये उकळून खोलीची उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो. नळी धड असेल तर पंधरा वर्षांनीही आत तेवढाच गॅस असतो. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं, आणि हे पाणी दरवर्षी महाग होत चाललंय.

मी स्वतः एका जुन्या स्प्लिटमध्ये लागोपाठ दोन उन्हाळे असंच पाणी ओतलं. तिसऱ्या वर्षी आलेल्या माणसाने गेज पिशवीतून काढायच्या आधी आउटडोअरच्या जाड पाइपाच्या नटाखालून बोट फिरवलं. बोटाला तेलकट, काळी माती लागली. मग त्याने साबणाचा दाट फेस तिथे लावला आणि आम्ही दोघं नुसतं बघत बसलो. मिनिटभर काहीच नाही. मग नटाच्या खालच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा. नट काढला तर पाइपाच्या फुलवलेल्या तोंडाला केसासारखी चीर होती. तेवढा तुकडा कापून नवीन फ्लेअर केला. त्यानंतर त्या एसीला गॅस लागला नाही.

नेमप्लेट वाचा

मेकॅनिकला फोन करण्याआधी मोबाइल घेऊन आउटडोअरपाशी जा (विंडो एसी असेल तर त्याची बाजू किंवा मागचा भाग बघा) आणि चिकटवलेल्या पट्टीचा फोटो काढा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या, गॅसचं नाव आणि त्याचं वजन. नाव आर-२२, आर-४१०ए, आर-४०७सी, आर-३२ किंवा आर-२९० असं काहीतरी असेल. वजन ग्रॅम किंवा किलोत असतं. घरगुती एसीत ते बहुधा किलोच्या आसपास असतं.

हे वजन महत्त्वाचं आहे. लहान एसीत गॅसचा प्रवाह एका बारीक केशनळीतून जातो आणि तिथे शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो. कमी गॅस जितका वाईट तितकाच जास्तही. जास्त भरला की द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो, आणि द्रव काही दाबला जात नाही. झडपांवर ताण येतो आणि कॉम्प्रेसर जातो.

बंदी नेमकी कशावर आहे

थोडा इतिहास, पण कामापुरताच. क्लोरीन असलेली ही रसायनं वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोन खातात, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. त्यात आधी आर-१२ सारखे सीएफसी (क्लोरीन आणि फ्लोरीन असलेले गॅस) गेले. मग पाळी आली एचसीएफसींची (यात हायड्रोजनही असतो, ओझोनला घातक पण सीएफसींपेक्षा कमी). जुन्या एसीतला आर-२२ त्यातलाच.

युरोपीय संघाने नवा आर-२२ दुरुस्तीसाठी वापरणं २०१० पासून थांबवलं आणि २०१५ पासून शुद्ध करून परत आणलेला गॅसही बंद केला. अमेरिकेत २०२० पासून नवीन उत्पादन आणि आयात बंद आहे, पण जुन्या मशिनांतून काढून शुद्ध केलेला गॅस विकता येतो. विकसनशील देशांसाठी कपात पायऱ्यापायऱ्यांनी आहे. २०२५ पर्यंत मूळ पातळीपेक्षा ६७.५ टक्क्यांनी कमी, आणि २०३० नंतर जुन्या मशिनांच्या देखभालीपुरता अगदी थोडा हिस्सा, तोही २०४० पर्यंतच.

म्हणजे बंदी आहे ती गॅस बनवण्यावर आणि आणण्यावर, आणि काही ठिकाणी तो भरण्यावर. तुमच्या भिंतीवरचा एसी बेकायदा झालेला नाही. आत गॅस आहे तोवर तो खुशाल चालवा. तुमच्या देशात सध्या काय चालतं ते मात्र भरण्याआधी विचारून घ्या.

एसीवर आर-४१०ए लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात आर-२२ पेक्षाही पुढे आहे. एक किलो आर-२२ म्हणजे साधारण १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड, तर एक किलो आर-४१०ए म्हणजे जवळपास २,१०० किलो. म्हणून मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत अशा एचएफसी (क्लोरीन नसलेल्या) गॅसांचीही कपात ठरली. आज आर-२२ वाल्यांची जी अडचण आहे, ती काही वर्षांनी आर-४१०ए वाल्यांची होणार. या लेखातलं बहुतेक सगळं त्यांनाही तसंच लागू आहे.

गॅसवर संशय घेण्याआधी

कूलिंग कमी होण्याची बरीच कारणं गॅसशी संबंधित नसतात. ती आधी तपासा. यातलं पुष्कळसं तुम्हीच करू शकता.

इनडोअरची जाळी काढा, धुवा, सावलीत वाळवा. रोजच्या वापरात दर दोन आठवड्यांनी. जाळी तुंबली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल गोठते, आणि त्यावर बर्फ दिसला की लोक म्हणतात गॅस गेला. गॅस कमी असल्यावरही बर्फ धरतो, म्हणूनच घोटाळा होतो. बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, जाळी धुवून पुन्हा लावा. परत बर्फ धरला तर मग पुढचा विचार.

आउटडोअरचं दुखणं जास्त दुर्लक्षित असतं. मेन स्विच बंद करा (रिमोटने बंद करणं पुरेसं नाही). पत्र्यासारख्या पातळ पट्ट्यांमध्ये धूळ, कापूस, पक्ष्यांची पिसं अडकलेली असतात. मऊ ब्रशने झाडा आणि साध्या नळाच्या धारेने धुवा, जमेल तर आतून बाहेरच्या दिशेने. गाडी धुण्याचा जोराचा फवारा नको, पट्ट्या लोळतात आणि मग हवा जायला वाटच राहत नाही. वायरिंगच्या डब्यात पाणी जाऊ देऊ नका. उंचावर, कठड्याबाहेर बसवलेलं आउटडोअर असेल तर हे काम माणूस बोलावूनच करून घ्या. काही जण ऊन लागू नये म्हणून आउटडोअरला पत्र्याची पेटी करतात. सावली चांगली, पेटी वाईट. गरम हवा बाहेर फेकली गेली पाहिजे, तीच पुन्हा आत ओढली जाता कामा नये.

आता एक साधी चाचणी. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. साध्या थर्मामीटरने आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान घ्या, मग बाहेर पडणाऱ्या थंड हवेचं. फरक साधारण ८ ते १२ अंश असेल तर गॅसचं चक्र ठीक चाललंय. खोली थंड होत नसेल तर दोष दाराच्या फटीत, उन्हाच्या खिडकीत किंवा खोलीच्या मानाने लहान एसीत आहे. हवा खूप दमट असेल तर फरक थोडा कमी येतो, कारण एसीची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. हा आकडा दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वहीत लिहून ठेवा. दहा वरून सहावर आला तर काहीतरी बिघडतंय हे मेकॅनिक सांगण्याआधी तुम्हाला कळेल.

आउटडोअरचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर नुसता गुं-गुं करून बंद पडतोय, थोड्या वेळाने पुन्हा तेच? हा बहुधा कॅपॅसिटर (मोटर सुरू व्हायला विजेचा जोर देणारा डबा) असतो. सगळ्या एसीत मिळून सर्वांत स्वस्त आणि वारंवार जाणारा भाग हाच, आणि त्याच्या नावावर "कॉम्प्रेसर गेला" म्हणून मोठी बिलं झालेली मी पाहिली आहेत. तपासणी मीटरने होते. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्यापेक्षा मोजमाप बरंच खाली आलं तर बदलायचा, नवीन त्याच आकड्याचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा. पण झाकण स्वतः उघडू नका. मेन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जबरदस्त झटका देतो.

जुन्या कॉम्प्रेसरला आणखी एक सवय लावून घ्या. वीज गेली किंवा तुम्ही बंद केला, तर पुन्हा चालू करायला किमान तीन मिनिटं थांबा. दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो.

गळतीच असेल तर

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. म्हणून आधी डोळ्यांनी शोधा: पाइप जोडलेले चारही नट, आउटडोअरच्या व्हॉल्व्हची टोपणं, पाइप पत्र्याला घासतो त्या जागा. गेज लावायच्या टोकाच्या आत सायकलच्या व्हॉल्व्हसारखी छोटी पिन असते, ती झिजूनही वर्षानुवर्षं गॅस जात राहतो. तिच्यावरचं पितळी टोपण हरवलं असेल तर ते आधी आणून घट्ट बसवा.

दुरुस्ती योग्य क्रमाने झाली तरच टिकते, आणि इथे तुम्ही जवळ उभं राहायला हवं. लाजू नका. उरलेला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशिनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. गळतीची जागा दुरुस्त करायची. मग नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन दाबाने भरून, साबण लावून, काटा उतरतो का ते बघायचं. ऑक्सिजन कधीच नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, यात माणसं मेलेली आहेत. दाबाची हवाही नको.

त्यानंतर व्हॅक्यूम पंप. घाई इथेच होते. पाच मिनिटं पंप लावून "झालं" म्हणतात. पंपाचं काम हवा काढण्याइतकंच आतली ओल उकळवून बाहेर काढण्याचंही आहे, आणि ओल सावकाश निघते. आत राहिलेलं पाणी तेलाशी आणि गॅसशी मिळून आम्ल बनवतं, आणि ते आम्ल कॉम्प्रेसरच्या मोटरची वायंडिंग (तारेची गुंडाळी) पोखरत बसतं. चांगला कारागीर मायक्रॉन गेज (आत किती दाब उरलाय ते बारीक मोजणारा) लावतो, ५०० मायक्रॉनच्या खाली उतरवतो, पंप बंद करून काटा तिथेच टिकतो का ते पाहतो. शेवटी गॅस वजनकाट्यावर, नेमप्लेटच्या आकड्याप्रमाणे. "अंदाजाने भरतो, पंधरा वर्षांचा अनुभव आहे" असं कोणी म्हणालं तर त्या अनुभवाला नमस्कार करून वजनकाटा मागा.

बोलावतानाच फोनवर विचारा: नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार का? उत्तर देताना जो चाचरतो त्याला बोलावू नका. पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते.

कोणता गॅस भरायचा

नेमप्लेटवर आहे तोच. आर-२२ कायद्याने आणि बाजारात मिळत असेल तर शुद्ध करून परत आणलेलाही चालतो. प्रमाणानुसार शुद्ध केलेला असेल तर मशिनला फरक कळत नाही.

स्वस्तात मिळणाऱ्या सिलिंडरपासून मात्र सावध. २०११ मध्ये मालवाहू जहाजांवरच्या शीतकंटेनरांत बनावट आर-१३४ए भरला गेला. त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं. ते ॲल्युमिनियमशी मिळून असं रसायन बनवतं की हवा लागताच पेट घेतं. स्फोट झाले आणि काम करणारी माणसं दगावली. घरच्या एसीतही ॲल्युमिनियम असतंच. सील तुटलेला, नाव खोडलेला किंवा संशय येण्याइतका स्वस्त सिलिंडर परत पाठवा.

"आर-२२ च्या ऐवजी चालतो" म्हणून काही मिश्रणं मिळतात, जसे आर-४३८ए किंवा आर-४२२डी. ती जुन्या खनिज तेलाबरोबर चालावीत अशी बनवलेली आहेत आणि बऱ्यापैकी चालतातही, पण कूलिंग थोडं घटतं. वापरायचीच असतील तर जुना गॅस पूर्ण काढून, द्रवरूपातच भरून, आणि बाहेर नव्या गॅसचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवून. जुन्यावर ओतून कधीही नाही. आर-४०७सी घालायचा तर तेलही बदलावं लागतं, आणि घरगुती एसीत तेवढा खटाटोप क्वचितच परवडतो. शिवाय हे सगळे एचएफसीच आहेत, म्हणजे कपातीच्या रांगेत तेही उभे आहेत.

आर-४१०ए किंवा आर-३२ आर-२२ च्या मशिनमध्ये घालू देऊ नका. त्यांचा दाब दीडपटीहून जास्त असतो. जुनी कॉइल आणि कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेलेच नाहीत.

प्रोपेनबद्दल, म्हणजेच आर-२९० बद्दल, प्रामाणिकपणे सांगायचं तर तो आर-२२ च्या मशिनमध्ये चालतो, थंडही छान करतो. म्हणूनच मोह होतो. पण तो स्वयंपाकाच्या गॅसइतकाच पेटणारा आहे. आर-२९० साठी बनवलेल्या एसीत गॅस मोजका असतो आणि ठिणगी पडणारे भाग तसे बंदिस्त केलेले असतात. तुमच्या जुन्या एसीतला रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) ठिणगी पाडतो, आणि तो झोपायच्या खोलीत आहे.

कधी सोडून द्यायचा

नट, पिन, कॅपॅसिटर, पंख्याची मोटर, पीसीबी (सर्किट बोर्ड) यांच्यासाठी जुना एसी टाकू नये. ही दुरुस्ती परवडते. इनडोअर कॉइलला बारीक-बारीक भोकं पडली असतील तर एक बुजवलं की महिन्याभरात शेजारी दुसरं येतं. अशी कॉइल बदलावीच लागते, आणि जुन्या मॉडेलची मिळेल याचा भरवसा नाही. आर-२२ च्या मशिनचा कॉम्प्रेसर आतून जळाला असेल तर माझ्या मते थांबावं. नवा कॉम्प्रेसर, नवा फिल्टर ड्रायर (ओल शोषणारी गाळणी), नळ्या धुणं आणि वर महाग गॅस, एवढा खर्च त्या मशिनवर करू नये.

या दोन टोकांच्या मध्ये असाल तर कागद-पेन्सिल घ्या. उदाहरणापुरतं, जुना एसी १,८०० वॉट खातो आणि नवीन इन्व्हर्टर सरासरी १,००० वॉट असं धरू. तासाला ०.८ युनिटचा फरक. वर्षातले ९० दिवस, रोज दोन तास चालवत असाल तर १४४ युनिट वाचतील. २०० दिवस, रोज दहा तास चालवत असाल तर १,६०० युनिट. तुमच्या विजेच्या दराने गुणा. पाहुण्यांच्या खोलीतला एसी जगवण्यात अर्थ आहे. रात्रंदिवस चालणारा वीजबिलातूनच नव्याची किंमत वसूल करतो.

नवीन घेताना नेमप्लेटवर आधी गॅस बघा. आर-३२ किंवा आर-२९० चा असेल तर पुढची बरीच वर्षं निभावतील. भिंतीतले जुने पाइप तसेच वापरायचा आग्रह धरू नका. त्यात खनिज तेल उरलेलं असतं आणि जाडीही नव्या दाबाला पुरेलच असं नाही.

काढताना

जुना स्प्लिट चालू स्थितीत असेल आणि फक्त दुसऱ्या खोलीत हलवायचा असेल, तर गॅस फेकायची गरजच नाही. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करतात. कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून आउटडोअरमध्ये जमा करतो. काटा शून्याजवळ आला की जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच एसी बंद. काम दोन-चार मिनिटांचं, पण कॉम्प्रेसर उपाशी फिरत ठेवायचा नाही, म्हणून सराव असलेल्या माणसानेच करावं.

भंगारात देतानाही हेच करून घ्या आणि आउटडोअर गॅस रिकव्हर करणाऱ्याकडेच द्या. भंगारवाला करवतीने पाइप कापायला निघाला तर त्याला थांबवा. त्या आवाजासरशी जो किलोभर आर-२२ हवेत जाईल, तो शुद्ध होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या एसीत जाऊ शकला असता.